उजवा सहा, डावा चार

कोल्हापूर
गुरुवार

प्रिय शेवंता,

हे पत्र लिहायला मला बुटांच्या एका खोक्यानं भाग पाडलं आहे. ते खोकं तुझं आहे. कृष्णात सुतारनं ते तुझ्यासाठी माझ्या पत्त्यावर पाठवलं. मी ते तुला पोचवायचं होतं. गणपती येऊन गेले, नवरात्र बसलं, तरी ते माझ्या कपाटात इस्त्रीच्या साड्यांखाली पडून आहे. काल मनालीनं मला बजावलं की येत्या रविवारपर्यंत मी ते पोचवलं नाही, तर ती एकटी एस.टी.त बसून पेठ वडगावला येईल आणि तुला सगळं सांगेल. नववीतल्या नातीकडून हे तुझ्या कानावर जाण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. ती फुगवून सांगेल. मी आहे तेवढंच सांगेन, आणि आहे तेवढंच पुरेसं वाईट आहे.

फोनवर सांगता आलं असतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि मागे तुमच्या शेजारच्या झुंबरबाई बसलेल्या असतात. मी पाऊस कसा आहे विचारलं की उत्तर त्या देतात. तुझ्या गुडघ्याचं विचारलं की तेही त्याच सांगतात. म्हणून रविवारी मी स्वतः खोकं घेऊन येणार आहे आणि हे पत्र खोक्याच्या वर ठेवून तुझ्या हातात देणार आहे. मी समोर बसलेली असेन. तू मनात वाच. झुंबरबाईंना तेवढ्या वेळात चहा ठेवायला सांग.

आता पहिल्यापासून सांगते. मनालीच्या शाळेत यंदा नववीला एक प्रकल्प दिला आहे. काम करणाऱ्या एखाद्या माणसाची मुलाखत घ्यायची, त्याचं काम समजून घ्यायचं आणि त्यातलं काहीतरी स्वतः करून बघायचं. ती हे घरी सांगत होती तेव्हा मी मेथी निवडत होते. माझ्या मनात लगेच आलं, ही आता मला विचारणार. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली आजी घरात असताना पोरगी दुसऱ्या दारी कशाला जाईल? मेथी संपेपर्यंत माझी उत्तरं तयार होती. मुलींची गळती कशी थांबवली, प्रयोगशाळेसाठी जिल्हा परिषदेत किती उंबरे झिजवले, सगळं. तिला मात्र स्नीकर डिझायनर हवा होता. स्नीकर म्हणजे आपण ज्यांना कॅनव्हासचे बूट म्हणायचो त्यांचे श्रीमंत नातू. हल्ली पोरं ते घालायचे कमी आणि पुसायचे जास्त. मी म्हटलं, घरात मी आहे की. तर म्हणाली, "आजी, तू रिटायर झालीयास की गं. काम करणारं माणूस पायजे." अभिनंदन लेकीकडे बघत जेवता जेवता हसला. सुनेनं ताटात बघितलं.

माणूस मिळवून दिला तोही अभिनंदननंच. आपल्या शाळेत त्याच्या वर्गात असलेला कृष्णात आता बेंगळुरूला एका मोठ्या बुटांच्या कंपनीत हेच काम करतो. दुकानात काचेच्या मागे ठेवतात त्यातले काही बूट त्यानं काढलेले आहेत. बेंदराच्या सणाला तो उचगावला घरी येणार होता, तेव्हा आमच्याकडे यायला कबूल झाला. कृष्णातचं नाव ऐकल्यावर माझी तक्रार संपली. उलट मी मनालीला म्हटलं, योग्य माणूस निवडलास. कारण कृष्णात म्हणजे माझं काम. हे मी गर्वानं म्हणत नाही, तुला सगळं माहीत आहे. त्याचे वडील उद्यमनगरात एका फाउंड्रीत लाकडाचे नमुने करायचे. त्या नमुन्यावरून साचा घालतात आणि त्यात लोखंड ओततात. दहावी झाली की पोराला आपल्याशेजारी बसवायचं त्यांनी ठरवलं होतं. त्या कारखान्यात भुशात उभं राहून त्यांची समजूत घातली कुणी? मी. रविवारी पोराला घरी बोलावून भूमिती करून घेतली कुणी? मी. डिझाइनचं शिक्षण असतं, त्याची प्रवेश परीक्षा असते, तिचे अर्ज कुठे मिळतात, हे पुण्याला पत्रं पाठवून कुणी शोधून काढलं? तू तेव्हा म्हणाली होतीस, "राजाक्का, त्या पोराच्या मागं हात धुऊन लागलीयास, जरा श्वास घेऊ दे त्याला." तो श्वास घेत बसला असता तर आज उद्यमनगरात असता.

तर तो आला. अंगानं भरला आहे, चष्मा लागला आहे, पण दारात चप्पल काढताना अजून वाकून आपल्याआधी इतरांच्या चपला सरळ करतो. माझ्या पाया पडला. मी सुनेला चहाबरोबर चिवडा द्यायला सांगितला आणि खुर्ची अशी ओढून बसले की मनालीच्या मोबाइलमध्ये मीही थोडी दिसावी. निळी इरकल नेसले होते. हे तुला मनाली सांगेलच, म्हणून मीच सांगते.

मुलाखत चांगली झाली. मनालीनं प्रश्न नीट काढले होते आणि तो तिला मोठ्या माणसासारखी उत्तरं देत होता. बूट आधी कागदावर येतो, मग फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर. रंग, नक्षी, नाव हे सगळं शेवटी. सुरुवात मात्र तो जुन्यापासून करतो. ज्यांच्यासाठी बूट करायचा त्यांचे झिजलेले बूट मागवून घेतो आणि तळ बघतो. माणूस कुठे भार टाकतो, काय वाचवतो, कशाला घाबरून पाय टाकतो, ते तळ सांगतो असं त्याचं म्हणणं. "माणसाला विचारलं तर ते बरोबर चालतोय म्हणूनच सांगतंय," तो म्हणाला. मनालीला हे फार आवडलं. मलाही आवडलं. माझ्या विद्यार्थ्यानं मुद्देसूद बोलावं हे मला आवडतंच.

मग तिनं विचारलं, या कामाकडे तुम्ही कुणामुळे वळलात? मी पदर सारखा केला. असल्या वेळी चेहरा कसा ठेवायचा असतो ते मला माहीत आहे. थोडं खाली बघायचं आणि म्हणायचं, अरे, तुझी मेहनत होती. मी खाली बघितलं. आणि तो म्हणाला, "कांबळे मॅडम. त्यांच्या पायामुळं."

म्हणजे तू, शेवंता. मी तशीच खाली बघत राहिले. वर बघायला काही कारणच उरलं नव्हतं.

तो दिवस तुला आठवतो का? मला आठवतो. प्रजासत्ताक दिनाचं झेंडावंदन होतं. लहानपणीच्या तापानं बारीक राहिलेला तुझा डावा पाय, त्याच्या चपलेला शाळेच्या फाटकाजवळ चपला शिवणारे बाळासो थरावर थर चढवून द्यायचे. ते यात्रेला गावी गेले होते आणि आदल्या दिवशीच थर सुटला होता. तू वाचनालयात चप्पल हातात घेऊन बसली होतीस. कृष्णात तेव्हा आठवीत. त्यानं ती चप्पल घरी नेली आणि वडिलांच्या कारखान्यातला रबराचा तुकडा कापून, चिकटवून सकाळी आणून दिली. हे एवढं मला माहीत होतं. त्यानं मनालीला पुढचं सांगितलं ते मला नवीन होतं. म्हणाला, त्याचे वडील नमुना नेहमी थोडा मोठा करायचे, कारण लोखंड थंड होताना आटतं. पोराला वाटलं, रबरही आटत असेल. म्हणून त्यानं बाळासोंच्या मापापेक्षा थर जाड ठेवला. चूकच ती. पण बाळासो तुझं माप तू स्टुलावर बसलेली असताना घ्यायचे, उभी असताना नाही, त्यामुळे इतकी वर्षं तो थर मुळातच कमी पडत होता. पोराची चूक पायाला बरोबर बसली. तू झेंड्यापर्यंत गेलीस, परत आलीस आणि त्याला म्हणालीस, "कृष्णात, आज मला खाली बघायला लागलं न्हाई रे."

हे वाक्य त्यानं तुझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. मग मनालीला म्हणाला, "तेवढंच करतोय बघ मी अजून. माणसाला खाली बघायला लागू नये." त्याचे डोळे भरले होते. मनालीचे भरले. सून दारात उभी होती, तिचेही. मी उठून चहा बघायला गेले. मी जात असताना त्यानं माझ्याकडे बघून म्हटलं, "आणि चौगुले मॅडमनी भूमिती करून घेतली, तिच्यावर तर पोट चालतंय." म्हणजे तुझ्या वाट्याला डोळ्यातलं पाणी आलं आणि माझ्या वाट्याला भूमिती.

तू म्हणशील, राजाक्का, त्यात काय एवढं. तू नेहमी तेच म्हणायचीस. शिक्षकदिनाला तुझ्या टेबलावर फुलं मावायची नाहीत आणि माझ्या टेबलावर फक्त हजेरीपट असायचा, पोरं लांबूनच नमस्कार करायची. तेव्हाही तू म्हणायचीस, त्यात काय एवढं, आणि अर्धी फुलं उचलून माझ्याकडे ठेवायचीस. ती मला कधीच आवडली नाहीत. तू इतिहास शिकवताना खिडकीबाहेर उभे राहून शिपाईसुद्धा ऐकायचे. मी वर्गात शिरले की खिडक्या लावून घ्यायची. माझ्यामुळे पोरं पास झाली आणि तुझ्यामुळे मोठी झाली, असं आपल्या निरोप समारंभात कुणीसं म्हणालं होतं. लोक हसले. तूही हसलीस. मी अजून ते म्हणणाऱ्याचं नाव विसरलेले नाही. विजयसिंह. आता तो नगरसेवक आहे, आणि त्रैराशिक त्याला अजून येत नसणार.

पण हे सगळं जुनं आहे. त्याच्यासाठी मी खोकं कपाटात दडवलं नसतं. पुढचं सांगते.

निघताना कृष्णातनं मला बाजूला घेतलं. त्याला तुझ्यासाठी एक जोड करायचा होता, विकायचा नव्हे, फक्त तुझ्यासाठी. त्याला तुझी झिजलेली चप्पल हवी होती. तू वडगावला लेकाकडे, प्रसेनजीतकडे राहायला गेलीस तेव्हा तुझी एक जुनी चप्पल आमच्या मागच्या दारी राहिली होती. ती मी टाकली नव्हती. का नाही टाकली, हे विचारू नकोस, घरात खूप गोष्टी राहतात. कागदात बांधून ती त्याला दिली. म्हणजे बघ, याही वेळी काम माझ्याच हातून झालं.

गणपतीच्या आधी खोकं आलं. त्यानं फोन करून सांगितलं की तुम्हीच नेऊन द्या मॅडम, कुरिअरनं वडगावला पाठवायचं माझ्या मनाला येत नाही. मी खोकं उघडलं. बघायला नको का, आतमध्ये काही मोडलंबिडलं असलं तर? मातकट पांढरा रंग, वर काही नक्षी नाही, लेस नाही, चिकटणारा पट्टा. उजवा सहा नंबरचा, डावा चार नंबरचा. आयुष्यभर तू एका वेळी दोन जोड घेत आलीस आणि त्यातले दोन पाय तसेच कोरे ठेवून दिलेस. हा पहिला जोड, जो दुकानात कुठेच जोड म्हणून लागला नसता, पण तुझ्यासाठी जोड आहे. डाव्याचा तळ जाड आहे, पण असा आतून उतरवलेला की बाहेरून कळत नाही. दोन्ही शेजारी ठेवून मी दाराकडून बघितले, खिडकीकडून बघितले. कळत नाही. मुलगा हुशार आहे. भूमिती पक्की आहे त्याची.

मग मी उजवा पाय घालून बघितला. बरोबर बसला. आपला सहा नंबर एकच, हे मला माहीत होतंच. इतका मऊ, शेवंता, की फरशी आहे की नाही कळेना. डावा अर्थातच बसला नाही, अंगठ्यापाशीच अडला. मी एका पायात तुझा बूट आणि दुसरा पाय अनवाणी अशी उभी होते आणि मनाली आत आली. तिनं काही म्हटलं असतं तर मी तिला रागावले असते आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं.

मी बूट खोक्यात ठेवला, खोकं कपाटात ठेवलं. मनालीला म्हटलं, पाऊस कमी झाला की जाऊ. मग म्हटलं, गणपती होऊ देत. मग म्हटलं, एस.टी.ला गर्दी असते. खरं कारण मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या झेंडावंदनाला पोरं तुझ्या चपलेकडे बघत होती, तू झेंड्याकडे बघत होतीस. मी माझ्या उजव्या दंडाकडे बघत होते. शाळा सुटल्यावर फाटकापासून बिंदू चौकापर्यंत, पुढे बसच्या थांब्यापर्यंत, तू माझा उजवा दंड धरायचीस. उन्हात, गर्दीत, भांडण झालेलं असलं तरी धरायचीस. भांडणाच्या दिवशी जरा जास्त घट्ट. त्या सकाळी तू तो सोडलास आणि सरळ मैदान ओलांडून गेलीस. मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांबरोबर वाजवल्या. वर्षभरात ते रबर झिजलं, बाळासोंनी पुन्हा आपल्या मापाचा थर लावला, आणि तुझा हात परत आला. म्हणून तो दिवस मी कधी कुणाला गोष्ट म्हणून सांगितला नाही.

आता तुझा हात झुंबरबाईंच्या दंडावर असतो. तूच सांगतेस, संध्याकाळी झुंबर मला बाजारपेठेपर्यंत नेते, झुंबर म्हणते की मोकळी हवा पाहिजे, झुंबरला भजनाला उशीर होतो तरी थांबते. झुंबर. राजमती मॅडमवरून राजाक्कावर यायला तुला किती वर्षं लागली ते आठव. एकदा पन्हाळ्याला शाळेची सहल गेली होती तेव्हा तटावरच्या पायऱ्यांवर तू पहिल्यांदा अक्का म्हणालीस, तेही घसरता घसरता. या बाई एका पावसाळ्यात झुंबर झाल्या. खोकं बघून माझ्या मनात पहिला विचार काय आला ते सांगते: शेवंताला हे बूट मिळाले की त्या बाईंची गरज संपली. मला आनंद झाला. फार आनंद झाला. साड्यांची घडी घालताना मी गुणगुणत होते म्हणे. आणि मग ध्यानात आलं, त्यांची संपली तर माझीही संपली. मी वडगावला येईन, तू दार उघडशील, आणि दोन पायांवर सरळ चालत पुढे जाशील. झुंबरबाई निदान शेजारी आहेत, त्यांचा चहा तरी चालू राहील. मी कोण? भूमिती.

म्हणून खोकं कपाटात होतं.

आता परवाचं. मनालीच्या प्रकल्पात मुलाखतीनंतर काहीतरी स्वतः करून बघायचं होतं. तिनं ठरवलं, घरातल्या सगळ्यांच्या चपलांचे तळ वाचायचे. जेवणघराच्या फरशीवर वर्तमानपत्र घालून तिनं दुकान मांडलं. अभिनंदन टाच घासत चालतो, सून चवड्यावर चालते म्हणजे तिला कायम घाई असते, ती स्वतः उजवा पाय आत वळवते. सगळे हसत होते. मग तिनं माझी चप्पल घेतली आणि उलटसुलट करून बघितली. मला म्हणाली, "आजी, तुझ्या पायाला काय झालंय?" मी म्हटलं, काही झालेलं नाही, वयाच्या मानानं माझ्याइतकं ताठ कोल्हापुरात कुणी चालत नाही. तिनं चप्पल फरशीवर ठेवून दाखवली. उजव्या टाचेची बाहेरची कड पार गेली होती. चप्पल उजवीकडे कलून उभी राहिली, कुणी खांद्यावर हात ठेवून ओढल्यासारखी.

तिनं कृष्णातला व्हिडिओवर फोन लावला आणि ती चप्पल त्याला दाखवली, कुणाची ते न सांगता. तो म्हणाला की या माणसाचा पाय चांगला आहे, पण उजव्या हाताला कुणीतरी भार टाकून चालत आलंय, बरीच वर्षं. मग हसला. "मनाली, ही चौगुले मॅडमची हाय. आम्ही पोरं दोघींची नक्कल करायचो. कांबळे मॅडम झुकायच्या ते कळत होतं. चौगुले मॅडमना कायबी झालं नव्हतं, पण त्या पण तशाच झुकायच्या, बरोबर त्याच तालात." मी तिथेच होते. त्याला माहीत नव्हतं.

मनाली कपाटाकडे गेली, खोकं काढलं आणि त्यात त्यानं परत पाठवलेली तुझी जुनी चप्पल होती ती आणून माझ्या चपलेच्या उजव्या बाजूला ठेवली. आपण चालायचो तशी. तुझी डावीकडे कलली होती, माझी उजवीकडे. दोन्हींच्या झिजलेल्या कडा एकमेकींना टेकल्या. तिनं फोटो काढला. प्रकल्पात लावणार आहे, मला विचारलंही नाही.

हे एवढंच असतं तर मी म्हटलं असतं, बरं, जुनी सवय. पण शेवंता, तुझी चप्पल जुनी आहे, माझी नाही. माझी मी तू गेल्यानंतरच्या दिवाळीत महाद्वार रोडवर घेतली. ती घालून मी तुझ्याबरोबर एक पाऊलही चाललेले नाही. देवळात जाते ती एकटी, भाजीला जाते ती एकटी, सूर्यास्ताआधी जेवून अंगणात फेऱ्या मारते त्याही एकटी. आणि तरी ती तशीच झिजली. उजवीकडे कुणी नसताना मी इतके दिवस जागा ठेवून चालते आहे, आणि मला वाटत होतं मी ताठ चालते. माणसाला विचारलं तर ते बरोबर चालतोय म्हणूनच सांगतंय, हे त्या पोराचं म्हणणं मी मुद्देसूद म्हणून डोक्यात नोंदवलं होतं.

तर आता तुला कळलं असेल की बूट द्यायला पत्र लागत नाही. पत्र एका मागणीसाठी आहे, आणि ती मला तोंडानं करता येणार नाही, कारण मी कधी काही मागितलेलं नाही. वाचून झालं की बूट घाल. पट्टे मी लावून देईन, तुला वाकायला त्रास होतो. मग आपण दोघीच बाजारपेठेपर्यंत जाऊ. झुंबरबाईंना सांग, आज त्यांनी भजनाला वेळेवर जावं. तुला कुठे खाली बघावं लागणार नाही याची मला खात्री आहे, तो मुलगा चुकत नाही, आणि चुकला तरी त्याची चूक तुला बसते. तुला दंडाची गरज लागणार नाही. तरी धर. उजवा. गरज नसताना धरलेला मला बघायचा आहे.

तुझीच, आणि हे झुंबरबाईंनाही वाचायला द्यायला हरकत नाही,
राजाक्का

रविवार, पेठ वडगाव. देणार: राजमती चौगुले. घेणार: शेवंता कांबळे.
बूट, नवे, एक जोड. उजवा सहा, डावा चार. उजवा एकदा घालून बघितलेला, घरात.
चप्पल, जुनी, एक जोड, शेवंता कांबळे यांची. कृष्णातकडून परत.
चप्पल, एक जोड, राजमती चौगुले यांची. वरच्या जोडीच्या डाव्या बाजूला ठेवून बघावी. परत करण्याची घाई नाही.